पिवळी वायर

उकंडाच्या घरचा टीव्ही बिघडला, हे लोहाऱ्यातल्या त्या साऱ्या गल्लीले ठाव होतं. टीव्हीले काहीच झालं नाही, हे एकट्या त्याच्या बायकोले, नलूबाईले, ठाव होतं. अन् ते तिले कोणाजवळ बोलता येत नोहतं, कारण टीव्ही बिघडला हे तिनंच सांगितलं होतं.

झालं असं का, जिनिंग फॅक्टरीवर कापसाच्या गाड्या लागायच्या दिवसात, एका संध्याकाळी सारे जण सिरियल पाहत बसले होते. साधना, म्हणजे नलूची सून, म्हणे, "आत्याबाई, पाहा ना, बुढी कशी डोळे वटारून राह्यली!"

नलू म्हणे, "हो वं, हासून राह्यली सटवी."

साधनानं मान वळवली. "हासून? ती तं भांडून राह्यली ना आत्याबाई."

नलूची चोरी उघडी पडाले आली. पण इतके वर्षं संसार केलेली बाई, अशी सहज हाती लागते काय? लगेच म्हणे, "काय पाहावं बापा! टीव्हीच फुटून राह्यला. नाक कुठी अन् डोळे कुठी, काही पत्ता लागत नाही."

बस, एवढंच बोलली. पण कोणासमोर बोलली? उकंडासमोर. हा माणूस सारी उमर जिनिंगच्या मशिनीवर गेलेला. बिघाड म्हटलं का त्याच्या हाताले खाज सुटे. गल्लीतला पंखा असो, मिक्सर असो, कोणाच्या पोट्टीची सायकल असो, उकंडाले बोलावणं लागत नसे, नुसता आवाज गेला तरी पुरे. तो जागेवरून उठला, टीव्हीच्या मांगची वायर काढली, फुंकर मारली, परत लावली.

"आता?"

"आता बरं हाये थोडं," नलू म्हणे.

ते 'थोडं' तिच्या गळ्यात पडलं.

खरी गोष्ट अशी होती का नलूबाईच्या डोळ्यांवर साय आली होती. दुधावर येते तशी, हळूहळू, जाड जाड. माणूस तिले आवाजावरून समजे, अन् जवळ आला का कपड्याच्या रंगावरून. घर सारं पाठ होतं, म्हणून कोणाले काही दिसलं नाही. चूल, माठ, देव्हाऱ्यासारखी सजवलेली बाबासाहेबाच्या फोटोची फळी, सारं हाताले ठाव. ती गोधड्या शिवे. साऱ्या लोहाऱ्यात तिच्या गोधडीले नाव होतं. आता टाका ती अंगठ्यानं पाहे. डाव्या हाताचा अंगठा पुढं चाले, अन् अंगठा म्हणे तिथं सुई टोचे. टाके सरळ येत. पण सुईत धागा घालणं काही अंगठ्याचं काम नाही. त्याच्यासाठी ती सकाळीच शेजारच्या विमलताईच्या दारात जाये.

"विमलताई, तुमच्या हातचा धागा तुटत नाही माय. भरून द्या बरं चार सुया."

विमलताई भरून दे. काही विचारे नाही. पण सुई हातात देताना तिचा हात नलूच्या हाताशी जरासा जास्त वेळ थांबे.

आता तुम्ही म्हणसान, दवाखान्यात कायले दाखवलं नाही? तर नलूची माय उमरखेडकडच्या खेड्यात राहे. मायचे डोळे गेले. घरच्यांनी तिले वाईट वागवलं असं नाही, उलट लय जपलं. भावजयनं हातातलं सूप काढून घेतलं, म्हणे तू बस माय. पाणी घ्याले उठली तं तू बस माय. नातवाले घ्याले हात पुढं केले, तं पाडशीन, तू बस माय. अशी बसली ते बसलीच. कोपऱ्यातल्या पोत्यावर. शेवटी दवाखान्यात नेलं, तं डॉक्टर म्हणे, उशीर झाला. नलूले आंधळेपणाचं इतकं भ्याव नोहतं. तिले भ्याव होतं त्या 'तू बस'चं. ते शब्द आपल्या घरात कोणी बोलले का आपण संपलो, असं तिच्या मनानं धरलं होतं. अन् जोवर बिघाड टीव्हीत हाये, तोवर कोणी ते बोलणार नोहतं.

पण उकंडा बिघाड सोडतो काय?

तो पहिले चढला घराच्या टिनावर. टिनावर फुकटवाल्या चॅनलची छत्री होती. तिले धरून वरून वरडे, "आलं काय?"

नलू खालून वरडे, "आलं, आलं! उतरा आता!" तिले दिसे काहीच नाही, पण बुढा टिनावरून पडला तं काय घेता?

"आता पाह्य! आता?"

"आता गेलं थोडं!" असं मधून मधून म्हणावं लागे. नाही तं त्याले खरं वाटलं नसतं.

छत्रीनं झालं नाही म्हणून केबल घेतली. केबलच्या डब्यात माणसं आडवी फुगून दिसत, असं साधना सांगे. बारीक पोरगी पण भाकरीसारखी चपटी. खालून जाहिरातीची पट्टी सरकत राहे, तिच्यात सगळ्यांचे पाय जायचे. नलू ते सारं कानानं ऐके अन् मंग आपलं म्हणून सांगे, "अजी, पाय कुठी गेले ह्याचे?" उकंडा खुश होये. म्हणे, "पाय गेलेले दिसते ना तुले? म्हणजे चित्र सुधरून राह्यलं."

अशी ती दोघं. एक खोटं बोले, दुसरा त्याले स्क्रू मारे.

मंग फेब्रुवारीत एक दिवस उकंडा यवतमाळच्या बाजारातून आला अन् तिच्या अगदी पुढ्यात येऊन बसला. "नलू, पाह्य बरं माह्याकडं. काही वेगळं वाटते काय?"

नलूनं पाहिलं. पांढऱ्यावर एक तांबूस गोळा.

"नवा सदरा घेतला वाटते," ती म्हणे.

बुढा जरासा थांबला. "हो," म्हणे. "नवा."

त्याच दिवशी दारातून विमलताई हासली, "अगबाई! उकंडाभाऊ तं हिरो दिसून राह्यले!" नलूले वाटलं, सदरा चांगला असन.

पण त्या दिवसापासून माणूस बदलला. घरात येताना दारातच खाकरे. चहाचा कप खाली ठेवणं सोडलं, तिच्या हातात दे. वाटेतली बादली, कोणाची चप्पल, मुकाट्यानं बाजूले करे. नलू मनात म्हणे, म्हातारपणी सुधारला बाप्पा. सासूबाई पाहाले पायजे होत्या. अन् टीव्हीचं येड कमी व्हायचं तं दुप्पट झालं. आता तो रोज संध्याकाळी बाजूच्या पुंडलिकरावसंगं वट्ट्यावर बसून त्याचाच खल करे.

पुंडलिकराव म्हणजे विमलताईचा नवरा. वावर कळंबकडं, घर लोहाऱ्यात. पोरगा अमर पुण्याले नोकरीवर, त्यानं बापाले भिंतीएवढा टीव्ही अन् नेट लावून देल्लं होतं. तवापासून पुंडलिकरावाची छाती त्या टीव्हीएवढी झाली होती.

"उकंड्या, तुह्या छत्रीत कावळे अंडे घालते लेका. नेट घे, नेट! माणसाच्या नाकातला केस दिसते."

"मले कायले पाहाचे लोकाच्या नाकातले केस? अन् तुह्या नेटवर माणूस बोलता बोलता थांबते. गोल गोल फिरत राह्यते. मागल्या खेपी नवरदेवानं हार उचलला अन् तसाच उभा. आम्ही चहा पिऊन आलो, तरी उभाच."

"ते वारं होतं त्या दिवशी."

"वाऱ्यानं वायर थांबते काय? सीडी थांबत नाही. एकदा घातली का शेवटपर्यंत चालते. रंग कसा गडद. माणसाचा रंग माणसासारखा."

"सीडी! आता सीडी मले फक्त वावरात दिसते, पाखरं भिववाले बांधलेली!"

असं चाले. नलू आतून ऐके अन् तिचा जीव खाली-वर होये. एवढ्याशा खोट्याचं किती मोठं लग्न लागून राह्यलं, तिले समजे नाही.

अन् एप्रिल लागला. जयंती जवळ आली. गावातल्या केबलवाल्यानं पट्टी सोडली का रविवारी चार वाजता लोहाऱ्यातला जुना जयंतीचा कार्यक्रम दाखवणार. दहाएक वर्षं झाले असन त्याले. त्या वक्ती बायांनी गाणं बसवलं होतं. मांगं निळा पडदा, पुढं पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, अन् त्याच्यात नलू. फोटोवाल्यानं त्याची सीडी काढून देल्ली होती, ती उकंडानं कपाटात ओढणीत गुंडाळून ठेवली होती. अन् त्याच फोटोवाल्यानं नंतर ते यूट्यूबवर पण टाकलं होतं.

पुंडलिकरावानं मांडीवर थाप मारली. "मंग होऊनच जाऊ दे उकंड्या! एकच गाणं, तीन डबे. तुही केबल, माहं नेट, अन् तुही ते कावळे भिववाची सीडी. पाहू कोणाचं चित्र चांगलं!"

"निकाल कोण देईन? तू आपल्याच टीव्हीले देशीन."

"जिचं तोंड हाये तिले विचारू ना. नलूबाई! तुम्ही सांगा, कोणत्या डब्यात तुम्ही चांगल्या दिसता."

नलूच्या हातची परात जागच्या जागी राह्यली. "मले काय समजते त्याच्यातलं? साधनाले विचारा."

"साधना तुमच्याच घरची. ती सासऱ्याकडून बोलन."

"अन् मी कोणाकडून बोलीन, पुंडलिकराव? मी तं त्यायची बायको!"

"बायको कधी नवऱ्याकडून बोलली हाये काय आजवर?" पुंडलिकराव म्हणे, अन् सारे हासले. आतल्या खोलीत साधना पण हासली. नलूले सुटाले कुठून वाट राह्यली नाही.

रविवारपर्यंत नलूनं मनात जुगाड केलं. तिले आठवलं, त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याच्या आधी तिले खोकला आला होता. हलकासा. तवा कॅमेरा नेमका तिच्यावरच होता, म्हणून फार वाईट वाटलं होतं. आता तोच कामी येणार होता. खोकला ऐकू आला का समजायचं, आता आपण पडद्यावर हावो. मंग म्हणायचं, वा, ह्याच्यात चांगली दिसून राह्यली. सोपं काम.

रविवारी पुंडलिकरावाच्या हॉलमध्ये जत्रा भरली. भिंतीवरचा मोठा टीव्ही तिथंच होता. त्याच्या खाली टेबलावर उकंडाचा टीव्ही, केबलची वायर मधल्या भिंतीवरून फेकून आणलेली. अन् बाजूले खुर्चीवर पेटीवाला जुना टीव्ही, मोठ्या ढेरीचा, त्याच्या पायाशी सीडीचा प्लेयर. पेटीवाला टीव्ही उकंडानं पोटाशी धरून आणला तवा पुंडलिकराव म्हणे, "लेकरू कोणाचं हाये, उकंड्या?"

नलूले मधात खुर्ची देल्ली. साधना बाजूले सतरंजीवर. उकंडा दाराजवळ उभा, पांढरा सदरा घालून. तो पांढरा धब्बा नलूले कोपऱ्यातून दिसे, तेवढाच तिले आधार.

चार वाजता केबलवर गाणं लागलं. नलूले दिसलं काय, तर पाण्यात नीळ सांडल्यासारखं. साधना म्हणे, "अगबाई, साऱ्या बाया लाह्यांच्या पोत्यासारख्या दिसून राह्यल्या." पुंडलिकराव म्हणे, "अन् पट्टीनं ढोलकीवाला पुरा झाकला. ढोलकी आपोआप वाजून राह्यली!" खोकला आला, गेला. नलू म्हणे, "हं. ठीक हाये."

मंग नेट. भिंतभर चित्र. पहिले गोल फिरलं, मंग सुरू झालं. पुंडलिकराव रुबाबात म्हणे, "आता पाहा!" मंग त्याचाच आवाज उतरला. "हे असं काहून दिसून राह्यलं? चेहऱ्यावर चौकट्या चौकट्या. माह्या टीव्हीवर तं मुंगी पण चकचकीत दिसते."

उकंडा म्हणे, "जुनं चित्र हाये ते. इतकुसं. पातळ वरण मोठ्या गंजात ओतलं म्हणून जास्त होते काय?"

"बस बस, वरणवाल्या."

नलूले ते भिंतभर निळं अजूनच गढूळ दिसलं. खोकला आला. "हं," ती म्हणे. "हेबी ठीक."

"दोन्हीबी ठीक? निकाल देऊन राह्यल्या का वराडाची पंगत वाढून राह्यल्या?" पुंडलिकराव म्हणे.

मंग सीडी. उकंडानं ओढणी सोडली, सीडी सदऱ्यानं पुसली, आत घातली. प्लेयर घरघरला. ढोलकी सुरू झाली. तेवढ्यात विमलताई चहाचा ट्रे घेऊन आली. तिचा पाय वायरीत अडकला, कप खणखणले, कोणीतरी "सांभाळा" म्हटलं. नलूच्या हातात कप आला. तिची सारी अक्कल बशीत गुंतली, चहा सांडू नये म्हणून. कानात गाणं सुरूच होतं. पहिलं कडवं. दुसरं कडवं. मंग खोकला.

नलूनं मान वर केली.

अन् ती खुर्चीतून पुढं झुकली. समोर निळं होतं. पण कसं निळं! गढूळ नाही, सांडलेलं नाही. एकदम साफ, झेंड्याच्या कापडासारखं सपाट, काठापासून काठापर्यंत. अन् त्या निळ्यावर डाव्या बाजूले एक पांढरं, उभं. जिथं ती त्या दिवशी उभी होती तिथंच. कितीतरी महिन्यांत तिले एवढं स्वच्छ काही दिसलं नोहतं. तिले वाटलं, माणसं उगाच भांडत नाही तं. चित्रा-चित्रात फरक असते खरा. आपण उगाच डोळ्यांच्या नावानं रडत होतो.

"हे!" ती म्हणे, अन् आता तिले खोटं बोलायची गरजच नोहती. "ह्याच डब्यात! कसं साफ दिसून राह्यलं, पाहा ना. पडदा कसा निळागार. अन् मी ती, तिकडं, डाव्या अंगाले. ह्याच्याइतकी चांगली मी कोणत्याच डब्यात दिसली नाही."

हॉलमध्ये ढोलकी तेवढी वाजत राह्यली.

डोळ्यानं न पाहणाऱ्या माणसाले चुप्प बसणं लय लवकर ऐकू येते. नलूले साधनाच्या बांगड्या मधातच थांबलेल्या ऐकू आल्या. विमलताईचा ट्रे टेबलाले लागला अन् तसाच राह्यला.

"अरे पण," पुंडलिकराव बोलाले लागला, "ते तं..."

"चहा घ्या," विमलताई म्हणे. आवाज असा का पुंडलिकरावानं आधी कप धरला, मंग विचार केला.

मंग उकंडा बोलला. दाराजवळून, गळा साफ करून. "बराबर. मी तुले काय म्हणत होतो, पुंडलिक? सीडी म्हणजे सीडी."

पुंडलिकरावानं चहाचा एक मोठा घोट घेतला. आता हा माणूस असा का शर्यतीत बैल हरला तं आठ दिवस जेवत नसे. पण तो म्हणे, "खरं हाये बाप्पा. सीडीची बातच वेगळी. नेटले ते जमत नाही." अन् थोडं थांबून, "नलूबाई, तुम्ही तं ह्याच्यात... लय चांगल्या दिसता."

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, त्या डब्यातल्या. हॉलमध्ये कोणी वाजवल्या नाही. साधना उठली अन् सासूच्या हातातला कप घेतला, अन् कप घेताना तिनं नलूच्या खांद्यावर हात ठेवला. नलूले तो हात ओळखू आला. मायच्या खांद्यावर भावजय ठेवायची, तसाच.

ऊन उतरलं तवा ती दोघं आपल्या वट्ट्यावर आली. साधना आत भाकरी टाकत होती. उकंडानं पेटीवाला टीव्ही खाली ठेवला अन् वायरी गुंडाळत बसला.

नलू म्हणे, "काय झालतं जी?"

"कुठी काय?"

"मी निकाल देल्ला तवा. सारे असे का बसले? सांगा मले. मी काही काचेची नाही."

उकंडाच्या हातातली वायर थांबली. "दोन वायरी असते ह्याले. पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. विमलताईचा पाय लागला, अन् पिवळी निघाली."

"मंग?"

"मंग आवाज आला, चित्र गेलं. डब्यात काहीच नोहतं नलू. चित्र गेलं का हा डबा निळा होते. सारा निळा."

नलूनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. गल्लीत कोणाची तरी गाडी गेली. मंग ती म्हणे, "पण पांढरं होतं त्याच्यावर. डाव्या अंगाले. मी पाहिलं."

"तो मी होतो. दारात उभा होतो ना. काचेत माह्या सदऱ्याचं पडलं."

नलूले हासू आलं, अन् हासता हासता डोळ्यात पाणी आलं. "मंग तुम्हीच चांगले दिसून राह्यले होते बापा. साऱ्यात साफ."

उकंडानं वायर खाली ठेवली.

"तुम्हाले ठाव होतं," ती म्हणे. विचारलं नाही, नुसतं म्हटलं.

"पहिले नोहतं. पहिले मी खरंच समजलो टीव्ही बिघडला. छत्री फिरवली, केबल घेतली, डबा बदलला. मशीन ऐकत नाही तवा आपण काय करतो? एक एक पार्ट काढून पाहतो. मंग मले वाटलं, पार्ट इकडला नसन. म्हणून मी फेब्रुवारीत एक पार्ट काढून पाहिला."

"कोणता?"

"हात आण इकडं."

त्यानं तिचा डावा हात धरला, अन् अंगठा आपल्या नाकाखाली नेला. नलूचा अंगठा तिथं फिरला, टाका पाहते तसा, इकडून तिकडं. लग्नाच्या दिवसापासून तिथं जाडजूड मिशी होती. आता तिथं नुसते खुंट होते, कापूस काढून झालेल्या वावरासारखे.

"माय वं!" नलू म्हणे. "मिशी कुठी गेली?"

"दोन महिने झाले. वाट पाहून राह्यलो का आज टोमणा मारशीन, उद्या मारशीन. तू म्हणे, नवा सदरा घेतला वाटते. सदरा तोच होता. पाच वर्षांचा."

"मंग तवाच काहून नाही बोलले? हे नेट, हे सीडी, हा साऱ्या गल्लीचा तमाशा कायले केला?"

उकंडा खाली पाहत बोलला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "टीव्हीत बिघाड असन तं माह्या हातात हाये, नलू. वायर हाये, डबा हाये, स्क्रू हाये. तुह्या डोळ्यात असन तं माह्या हातात काय हाये? मले वाटलं, ह्या तीनातला एखादा तरी डबा तुले दिसन. एक जरी दिसला, तं बाकीचं मंग पाहू. अन् तू सांगत नोहती, म्हणजे तुले सांगायचं नसन. मी कसा विचारू?"

नलूनं अंगठा काढला नाही. तिथंच ठेवला.

"मले बसवसान," ती हळूच म्हणे. "मायले बसवलं तसं. आत्ता साधनानं खांद्यावर हात ठेवला ना, तो तसाच होता. उद्यापासून सूप घेईन, परवा सुई घेईन. तू बस आत्याबाई म्हणन. वाईट मनानं नाही म्हणणार. चांगल्या मनानंच म्हणन. अन् डॉक्टर म्हणन, उशीर झाला."

"उशीर झाला का नाही, ते त्याले पाहू तं दे. मशीन खोलल्याशिवाय मी कधी सांगितलं काय, का गेली म्हणून? अन् बसवाची गोष्ट म्हणशीन, तं तुले बसवून मले जेवाले कोण घालन? गोधडी कोण शिवन? पुंडलिकच्या पोराच्या लग्नाच्या दोन गोधड्या बाकी हाये अजून." मंग आतमध्ये तोंड करून वरडला, "साधना!"

"जी मामाजी?"

"ह्या घरात कोणी हिले 'तू बस' म्हटलं तं मी टिनावर चढून बसीन. उतरणार नाही!"

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. मंग साधना म्हणे, "मी कायले म्हणू? आत्याबाई, ज्वारीचं पीठ संपलं. उद्या चक्कीवर कोण जाईन, मी का तुम्ही?" तिचा आवाज ओला होता, पण सवाल खरा होता.

"मी जाईन," नलू म्हणे. अन् मंग, "उद्या नाही, परवा. उद्या आम्ही यवतमाळले जातो. डोळ्याच्या दवाखान्यात."

उकंडानं मान हलवली, अन् मान हललेली तिले दिसत नाही हे आठवून म्हणे, "हो. सकाळच्याच गाडीनं."

"पण एक शर्त हाये."

"बोल."

"मिशी वाढवा. आजपासून. डॉक्टरनं माह्या डोळ्याची पट्टी सोडली का पहिले मले मिशी दिसली पायजे. नाही तं मी म्हणीन, हा कोण बुढा हाये, ह्याले बाहेर काढा."

"अन् मिशी पांढरी आली तं?"

"येऊ द्या. निळ्यावर पांढरं मले चांगलं दिसते."

उकंडा हासला. मंग त्याले काय वाटलं कोणाले ठाव, त्यानं तिची शिवणाची टोपली ओढली, सुई काढली, धागा काढला. "आजपासून सुया मी भरीन. विमलताईले कायले तरास?" त्यानं धागा तोंडात ओला केला, सुई उजेडाकडं धरली, अन् धागा नेला. गेला बाजूनं. पुन्हा नेला. पुन्हा बाजूनं. उकंडानं सुई जवळ घेतली, मंग लांब धरली, मंग एक डोळा मिटला. नलूले त्याचा श्वास ऐकू येत होता, अन् मधून मधून जिभेचा च्यक च्यक.

"काय झालं जी?"

"काही नाही. धागाच जाड हाये वाटते."

"का सुईच फुटून राह्यली?"

उकंडानं सुई खाली केली. नलू पदर तोंडाले लावून हासत होती, सारं अंग हालत होतं तिचं.

"साधना," ती आतमध्ये वरडली, "उद्या दवाखान्यात दोघायचा बी नंबर लावतो! अन् भिंतीपल्याड विमलताई असन तं सांग, आजच्या सुया त्यायनंच भरून द्याव्या!"

भिंतीपल्याडून लगेच आवाज आला, म्हणजे विमलताई तिथंच कान लावून उभी होती. "भरून ठेवल्या नलूबाई! कवाच्याच!"